समुद्राजवळच्या घराचे पडदे: खोली नंतर, आधी खिडकीची दिशा

गुहागरजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर तुम्ही नवे घर बांधले आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, खिडक्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या, आणि गणपतीपूर्वी सगळ्या खोल्यांना पडदे लागावेत अशी तुमची इच्छा आहे. हॉलला जाड मखमली, झोपण्याच्या दोन्ही खोल्यांना ब्लॅकआउट, स्वयंपाकघराला रोलर ब्लाइंड आणि देवघराला नायलॉनच्या जाळीचा पडदा, अशी यादी तुम्ही ठाण्यातून करून आणली आहे आणि ती बरोबर आहे का, असे विचारले आहे. गेली २२ वर्षे मी चिपळूण आणि रत्नागिरीच्या पट्ट्यात पडदे शिवण्याचे आणि लावण्याचे काम करते. त्या आधारावर सांगायचे तर यादी अगदीच चुकीची नाही, पण ती ठाण्याच्या फ्लॅटची यादी आहे. समुद्राकाठच्या घराला ती तशीच लावली, तर दुसऱ्या गणपतीपर्यंत निम्मे पडदे फेकावे लागतील.

तुमचा खरा प्रश्न कोणत्या खोलीला कोणते कापड हा नसून, कोणत्या खिडकीतून काय आत येते हा आहे. आपल्याकडे पारा विदर्भासारखा पंचेचाळिशीला जात नाही, पण हवेत ओल इतकी असते की घाम वाळत नाही, आणि त्यावर वाऱ्याशिवाय दुसरा उतारा नाही. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात ते पश्चिमेकडून, आणि दुपारनंतरचे भाजणारे ऊनही येते ते पश्चिमेकडूनच. ऊन नको म्हणून जाड पडदा ओढून घेतला की वाराही बंद होतो आणि पंख्याखाली बसून माणूस उकडतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या पडद्याने ऊन अडवावे पण वारा अडवू नये, ही पहिली अट. दुसरी अट अशी की तो भिजला किंवा ओलसर झाला तरी लवकर वाळला पाहिजे. रंग, नक्षी, चुण्यांचा प्रकार हे सगळे त्यानंतर येते.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, आणि उत्तर बरेचसे तिच्यावर अवलंबून आहे. घरात बारा महिने कोणी राहणार आहे, की तुम्ही गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात येणार आणि एरवी घराला कुलूप असणार? चाकरमान्यांच्या बंद घरातले पडदे हा माझ्या धंद्यातला वेगळाच विषय आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दारे-खिडक्या बंद, आत हवा हलत नाही, आणि भिंतीला टेकलेले जाड कापड चार महिने तसेच लटकते. एका घरी मी गणपतीच्या आदल्या आठवड्यात मापे घ्यायला गेले होते. दार उघडताच वासाने कळले. मखमलीचा पडदा हाताने बाजूला केला तेव्हा त्याच्या मागच्या भिंतीवर पडद्याच्याच आकाराची हिरवट-काळी बुरशी उमटली होती, चुण्यांत पालीची दोन अंडी होती, आणि कापड बोटांना गार व चिकट लागत होते. तो पडदा महाग होता आणि शिलाईही उत्तम होती, दोष फक्त जागेचा होता. तुमचे घर पावसाळ्यात बंद राहणार असेल, तर पुढचे सगळे वाचताना जाड अस्तर आणि मखमल हे दोन शब्द मनातून काढून टाका.

आता हॉल, कारण तुमच्या घरात अवघड खिडकी तीच आहे. ती पश्चिमेला आहे. भर दुपारचे डोक्यावरचे ऊन छज्जा अडवतो, पण चारनंतर सूर्य कलला की ऊन छज्जाखालून तिरके आत शिरते आणि थेट समोरच्या भिंतीपर्यंत जाते. मे महिन्यात सूर्य पश्चिमेच्या किंचित उत्तरेला मावळतो, त्यामुळे वायव्येची खिडकीही त्या दिवसांत सुटत नाही. हे ऊन काचेच्या आत आल्यावर पडद्याने अडवणे म्हणजे चोर ओटीवर आल्यावर फाटक लावण्यासारखे आहे. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. म्हणून पश्चिमेला शक्य असेल तर अडसर काचेच्या बाहेर असावा. तुमच्याकडे पडवी आहे, तेव्हा पडवीच्या कडेला बांबूची चिक लावा. तिच्या काड्यांमधून वारा येतो, ऊन गाळले जाते आणि समुद्रही अंधुक दिसत राहतो. चार वाजता सोडायची, दिवेलागणीला गुंडाळायची. मृगाच्या आधी ती उतरवून घरात घ्यावी लागते, नाहीतर झडीने तिची दोरी कुजते आणि काड्या काळ्या पडतात. बांबूत भुंगेरे शिरतात, म्हणून काड्यांच्या टोकांना वॉर्निशचा हात नीट बसला आहे ना, तेवढे घेताना पाहावे.

वाळ्याच्या तट्ट्यांबद्दल मला पुष्कळ जण विचारतात, म्हणून जाता जाता सांगते. नागपूरकडे पाणी मारलेली तट्टी खोली गार करते, कारण तिथली उन्हाळी हवा कोरडी असते आणि पाणी भराभर उडते. आपल्या दमट हवेत ते पाणी उडतच नाही. सुवास येतो, गारवा येत नाही, आणि खिडकीखालची भिंत मात्र ओली होते.

चिकेच्या आत, खिडकीला, मी तुम्हाला दोन पदर सुचवीन. आतला पदर विरळ विणीच्या सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाचा, जो दिवसभर ओढलेला राहील आणि वाऱ्यावर हलेल. दुसरा मध्यम जाडीचा, अस्तराशिवाय, फक्त संध्याकाळी आणि रात्री ओढायचा. दुसऱ्याची गरज काय, असे बरेच जण विचारतात. विरळ पडदा दिवसा बाहेरच्याला आतले दिसू देत नाही, कारण बाहेर उजेड जास्त असतो. रात्री आत दिवा लागला की गणित उलटते आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला तुमचा हॉल रंगमंचासारखा दिसतो. तुमचे घर वाडीच्या पाणंदीला लागून असल्यामुळे हे आत्ताच ध्यानात घेतलेले बरे.

कापडाच्या धाग्याबद्दल थोडे खुलासेवार लिहिते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. सुती धागा हवेतली ओल शोषून घेतो. प्रमाणित हवेत त्याच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओल त्यात असते, लिननमध्ये त्याहूनही जास्त. पॉलिएस्टरमध्ये ती अर्ध्या टक्क्याच्याही आत असते. बुरशीला ओल आणि खाद्य दोन्ही लागते आणि सुताचा धागा तिला दोन्ही पुरवतो. पॉलिएस्टर ती खाऊ शकत नाही, मात्र त्यावर बसलेली धूळ आणि तेलकटपणा खाऊन तीही वाढतेच, तेव्हा पॉलिएस्टरला बुरशी येत नाही हे विक्रेत्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. उलट बाजूने, सुती पडदा हाताला आणि डोळ्याला जो थंडावा देतो तो पॉलिएस्टर देत नाही. मला स्वतःला कण्णूरचे हातमागाचे कापड फार आवडते आणि वर्षभर नांदत्या घरात मी तेच सुचवते. कुलूपबंद घरात मात्र मन घट्ट करून मिश्र धाग्याकडे वळते. रेशीम आणि नायलॉन पश्चिमेच्या खिडकीला अजिबात नको. उन्हाने ते दोन्ही विरतात, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पडदा ओढताना चुणीच्या रेषेवर फाटतो.

रंगाचे म्हणाल तर गडद लाल आणि जांभळा उन्हाने लवकर उडतो आणि पडद्याच्या कडा फिकट, मधला भाग गडद असा चट्ट्यापट्ट्याचा होतो. शुभ्र पांढऱ्यावर बुरशीचा एक काळा ठिपकाही लपत नाही, शिवाय आपल्याकडच्या तांबड्या मातीमुळे पांढरा पडदा मे अखेरीस आपोआप तांबूस होतो. वाळूचा, काथ्याचा, फिकट राखाडी असा मधला रंग घ्यावा. यात कला नाही, धुलाईचा हिशेब आहे.

झोपण्याच्या खोल्यांना ब्लॅकआउट हवे का, हे तुमच्या झोपेवर आहे. दुकानात दोन प्रकारचे कापड या एकाच नावाने विकतात. एकाच्या पाठीवर रबरासारखा पांढरा थर चढवलेला असतो. दुसरे तिपदरी विणीचे असते, ज्याच्या मधल्या पदरात काळा धागा असतो आणि पाठीवर कोणताही लेप नसतो. लेपाचे कापड पूर्ण काळोख करते, पण ते वारा मुळीच जाऊ देत नाही, आणि आपल्या हवेत काही वर्षांनी तो थर चुण्यांवर चिकट होऊन सुटू लागतो. तिपदरी विणीचे कापड थोडा उजेड गाळू देते, पण मशीनमध्ये धुता येते. वरच्या मजल्यावरच्या एसीच्या खोलीला ते ठीक आहे, कारण तिथे खिडकी तशीही बंदच राहणार. खालच्या, नैऋत्येकडच्या खोलीला मी ते देणार नाही. पावसाचा मारा नेमका त्या दिशेने येतो, आणि सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हाळीची पाणी जाण्याची भोके मातीने बुजली की तुंबलेले पाणी आत ओघळते. त्या खोलीला हलका, धुण्याजोगा, चौकटीच्या आठ इंच खाली संपणारा पडदा असावा. जमिनीपर्यंत नेलेला पडदा छायाचित्रात सुंदर दिसतो, पण पावसाळ्यात लादी घामेजते आणि पडद्याची खालची कड ते पाणी दिव्याच्या वातीसारखे वर ओढते.

स्वयंपाकघराबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. गॅसच्या शेगडीमागच्या खिडकीला कापड लावू नये, कोणतेही. सुती कापड पेट घेते आणि पॉलिएस्टर वितळून ठिबकते, ते त्वचेवर पडले तर अधिक वाईट. रोलर ब्लाइंडवर फोडणीचा तेलकट थर बसतो आणि गुंडाळताना तो आतल्या आत पसरतो. शेगडीपासून लांब, पूर्वेची जी दुसरी खिडकी आहे, तिला खालच्या अर्ध्या भागापुरता आखूड सुती पडदा लावा आणि त्याचे दोन जोड शिवून ठेवा. सकाळचे ऊन आत येऊ द्या, स्वयंपाकघराला ते हवेच असते. देवघराचेही तसेच. समई आणि निरांजनाच्या जवळ नायलॉनची जाळी म्हणजे भडक्याला आमंत्रण. तिथे कापडच नको, दुधी काच पुरे. न्हाणीघरालाही तेच.

तुमच्या यादीत नसलेली, पण मुले घरी येणार म्हणून सांगावीशी वाटणारी एक गोष्ट: ज्या ब्लाइंडना ओढायची दोरी किंवा मण्यांची साखळी असते, त्यांच्या लोंबत्या फासात लहान मूल अडकून जीव गेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपासून दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडना अशी मोकळी दोरी ठेवायला मनाई आहे. आपल्याकडे ती सर्रास मिळतात. घ्यायचेच असेल तर साखळी भिंतीला ताणून बसवणारी खुंटी मागून घ्या आणि पाळणा किंवा पलंग त्या खिडकीखाली ठेवू नका. शिवाय वाऱ्याच्या खिडकीला रोलर ब्लाइंड शिडासारखे फुगते आणि चौकटीवर आपटत राहते, तेव्हा ते मला एरवीही नकोच वाटते. पडदा फार उडत असेल तर खालच्या दुमडीत वजन घालावे. बाजारातल्या लोखंडी वजनपट्ट्यांना गंज येतो. आमच्याकडच्या जुन्या शिंपिणी कोपऱ्यात रुपयाचे नाणे शिवायच्या, आणि स्टेनलेस स्टीलचे नाणे त्या कामाला अजूनही उत्तम.

गंजाचा विषय निघालाच आहे, तर माझी चूकही सांगते. धंद्याच्या पहिल्या वर्षांत एका घरी मी पिवळ्या मुलाम्याच्या कड्या लावल्या होत्या. मुलाम्याखाली साधे लोखंड होते. एका पावसाळ्यात प्रत्येक कडीखाली बदामी रंगाचा ओघळ उतरला आणि चौदा पडदे मी पदरचे पैसे घालून बदलून दिले. तेव्हापासून दुकानातली प्रत्येक कडी मी आधी लोहचुंबक लावून पाहते. पडद्याच्या माथ्याच्या गोल कड्या चांगल्या प्लॅस्टिकच्या घ्याव्यात. दांडी ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची, आणि स्टीलमध्ये ३१६ प्रतीचे मिळाले तर तेच घ्यावे, कारण त्यात मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या हवेत ते नेहमीच्या ३०४ पेक्षा जास्त टिकते. दांडीची टोके बुचाने बंद असावीत. उघड्या टोकात कुंभारीण माशी मातीचे घर करते, आणि ती माती ओली होऊन पडद्यावर उतरते. गंजाचा डाग पडलाच तर पांढऱ्या सुती कापडावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवावे. त्यावर ब्लीच कधीही घालू नये, डाग अधिक पक्का होतो.

जांभ्याच्या भिंतीत दांडीचा आधार कसा बसवायचा, हे मुंबईहून येणाऱ्या कारागिरांना बहुधा ठाऊक नसते. चिरा सच्छिद्र असतो. आपटत भोक पाडणारे ड्रिल लावले की भोकाच्या कडा भुरभुरतात, प्लॅस्टिकची गुट्टी सैल बसते आणि एक दिवस पोराने पडदा ओढला की दांडीसकट सगळे खाली येते. खिडकीच्या माथ्यावर काँक्रीटची लिंटेल असते, आधार तिच्यातच घ्यावा. ती खिडकीच्या दोन्ही बाजूंना थोडी पुढे गेलेली असते, तेवढ्या मर्यादेत दांडीची लांबी ठरवावी. लिंटेल अपुरी असेल तर आधी सागवानी पट्टी चार-पाच ठिकाणी लांब स्क्रूंनी भिंतीला घट्ट करावी आणि आधार त्या पट्टीवर बसवावा. पट्टीमुळे पडदा भिंतीपासून इंचभर पुढेही येतो. पडदा आणि भिंत यांच्यामध्ये तीन-चार इंच हवा खेळती राहिली की बुरशीचे निम्मे काम तिथेच थांबते.

मापाचे एक उदाहरण करून दाखवते. तुमची हॉलची खिडकी पाच फूट रुंद आहे. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच धरून दांडी ७२ इंच होते, आणि चुण्यांसाठी दुप्पट कापड म्हणजे १४४ इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे थानाची रुंदी, ४८ इंच असेल तर तीन पन्हे झाले. विरळ कापडाला चार घ्यावेत, नाहीतर ते ओढल्यावर सपाट आणि दीनवाणे दिसते. दांडी जमिनीपासून ८८ इंचांवर आणि खिडकीची खालची चौकट ३० इंचांवर असेल, तर चौकटीखाली आठ इंच जाणारा पडदा ६६ इंच लांब होतो. वरच्या दुमडीला चार, खालच्या दुमडीला सहा आणि सुती कापड आटण्यासाठी तीन इंच धरले की एका पन्ह्याला ७९ इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर कापड लागते. तीन पन्ह्यांचे सहा मीटर. बाजारातला तयार पाच फुटी पडदा याच दांडीवर चौकटीच्या जेमतेम दोन इंच खाली येतो, उटंगा दिसतो, आणि वाऱ्याने हलला की त्याखालून ऊन आत येते. शिवायला देण्यापूर्वी सुती कापड एकदा भिजवून वाळवून द्या. हे न करणारा शिंपी दुसऱ्या धुण्यानंतर फोन उचलत नाही.

पावसाळ्याची व्यवस्था अशी ठेवा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळे जाड पडदे धुऊन कडक उन्हात वाळवून उतरवून ठेवायचे. खळ अजिबात घालायची नाही, कारण खळ ही बुरशीला आणि कसरीला दोघींनाही आवडते. पत्र्याच्या पेटीत कोरड्या सुती चादरीत गुंडाळून कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकून ठेवायचे. खिडक्यांवर फक्त विरळ पदर ठेवायचा. घर बंद राहणार असेल तर तोही गाठ मारून भिंतीपासून सुटा लटकवायचा, आणि किल्ली ज्यांच्याकडे ठेवाल त्यांना आठवड्यातून एकदा, उघडीप असेल त्या दिवशी, खिडक्या दोन तास उघडायला सांगायचे. दसऱ्यानंतर ऑक्टोबरचे ऊन लागले की जाड पडदे परत चढवायचे. वादळाची सूचना आली तर सगळेच उतरवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागले, त्यानंतर दापोली-मंडणगडकडच्या काही घरांत मी पाहिले की फुटलेल्या काचेत अडकलेले पडदे दांडी आणि आधार दोन्ही भिंतीतून उपटून घेऊन गेले होते.

राहता राहिला गणपतीचा मुहूर्त. तुमचे प्लास्टर या उन्हाळ्यातले आहे, म्हणजे भिंती अजून आतून ओल्या आहेत, आणि भाद्रपदात पाऊस असणारच. म्हणून या गणपतीला फक्त हॉलचा विरळ पदर आणि स्वयंपाकघराचा आखूड पडदा एवढेच शिवून घ्या. बाकीची मापे आत्ता घेऊन ठेवा, पण कापड दिवाळीनंतर घ्या. तोवर प्रत्येक खोलीत एक दिवस सकाळी आठला, एकदा दुपारी एकला आणि एकदा संध्याकाळी पाचला उभे राहून ऊन लादीवर कुठपर्यंत येते तिथे खडूने रेघ मारा. मला मापांबरोबर त्या रेघांची अंतरे पाठवलीत, तर कोणत्या खिडकीला किती पदर लागतील ते मी तुम्हाला नेमके सांगू शकेन.